ऊस नसलेला मुलूख

आमचे घरमालक रोज पहाटे गावाला उठवायचे, आणि उठायला गावात कुणी नसायचं.

अगदीच कुणी नाही असं नाही. पाटोद्याच्या पलीकडचं ते गाव दसरा झाला की ऊस तोडायला निघून जायचं. भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्या सगळं ट्रॅक्टरवर चढवून कारखान्यांच्या वाटेला लागायचं, ते उन्हाळा तोंडावर आल्यावरच परत. मागं राहायची म्हातारी माणसं, मारुती, कुत्री आणि उपकेंद्रातली नर्स, म्हणजे मी. अशा गावात हा माणूस पहाटे अंगणात उभा राहून खच्चून ओरडायचा, "उठा रं! गाडी आली!" तोडलेला ऊस भरायला गाडी आली की मजुरांना असंच उठवतात. ह्यांनी उभी हयात मुकादमकी केली, टोळ्या नेल्या. आता मुकादमकी सुटली होती, पण घशाला ते कुणी कळवलं नव्हतं. कुत्री तेवढी उठायची, अंग झाडायची आणि परत पडायची.

मी राहायला गेले त्या पहिल्याच पहाटे दचकून उठले आणि पिशवी घेऊन बाहेर धावले. मला वाटलं, कुणीतरी बाळंतपणाला अडलंय.

"कुनी न्हाई, शिष्टर," मुकादम म्हणाले. "सवय हाय. झोपा तुमी."

झोपा म्हणे! सगळी झोप उडवायची आणि वर झोपा म्हणायचं. मी धारूरची आहे, ऐकून घेणाऱ्यातली नाही. मी तिथल्या तिथं त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आवाज चांगला हाय तुमचा. टोळीत चालला असता."

माणसं मोजायची त्यांची रीतही टोळीचीच. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न केला, "किती कोयते?" मी म्हटलं, मी एकटीच आहे, लग्न झालेलं नाही. "म्हंजे अर्धाच. बरं, ऱ्हावा." लग्नावरून माझ्या आईनं मला काय कमी बोलून घेतलंय? पण अर्धी असल्याचं असं तोंडावर तिनंही कधी सांगितलं नव्हतं.

घरापुढच्या ओट्यावर त्यांनी ट्रॅक्टरचं लोखंडी सीट सिमेंटमध्ये पक्कं बसवून घेतलं होतं. दिवसभर त्यावर बसून रिकाम्या गल्लीवर देखरेख चालायची. एखादं कुत्रं सावलीला लवंडलं की हे वरून दटावायचे, "ए, काय बे, कामाच्या टायमाला?" कुत्रं बिचारं उठून दुसऱ्या सावलीला जायचं. मला तर शंका आहे, त्या गावातली कुत्री त्यांना खरोखरच मुकादम मानत होती.

आणि एवढ्या हुकमी माणसाशी त्याची बायको बोलत नव्हती.

तिला सगळे जिजी म्हणायचे. बारीक चणीची, गुडघ्यातून वाकलेली, तोंडानं फटकळ. माझ्याशी बोलायची, शेजाऱ्यांशी बोलायची, चुलीशीसुद्धा बोलायची. नवऱ्याशी मात्र नाही. त्यांना काही सांगायचं झालं तर ती शेळीला सांगायची. शेळीचं नाव चंद्री. "चंद्रे, त्यान्ला सांग, भाकरी झाल्यात." "चंद्रे, त्यान्ला म्हनावं, आंघोळीचं पानी निवतंय." चंद्री रवंथ करत उभी. मुकादम तिच्या अंगावरून पलीकडं बघत म्हणायचे, "आलो म्हनावं." सुरुवातीला मला हे नाटक वाटलं. मग विंचवाचं झालं.

ज्वारीच्या पोत्यामागून विंचू निघाला आणि मुकादमांच्या पायाकडं चालू लागला. मुकादम डोळे मिटून बिडी ओढत बसलेले. जिजींनी विंचू बघितला. मीही खोलीच्या दारातून बघितला, पण मला वाटलं, ही सांगेलच ना आता! जिजी उठल्या त्या थेट बाहेर गेल्या. चंद्री तिकडं बोरीला तोंड लावून उभी होती. तिला कानाला धरून ओढत आत आणलं, उभी केली आणि सांगितलं, "चंद्रे, त्यान्ला सांग, पायाजवळ इच्चू हाय." तोवर विंचवानं आपलं काम उरकलं होतं. मुकादमांनी अशी आरोळी ठोकली की गाडी आल्याची आरोळी तिच्यापुढं काहीच नाही. मी इंजेक्शन दिलं, पाटोद्याच्या दवाखान्यात पाठवलं, आणि परत येऊन जिजींना विचारलं, "अहो, माणूस मेलं असतं म्हणजे?"

"म्या तर सांगत हुते," जिजी म्हणाल्या. "शेळी लांब गेलती, त्याला मी काय करू?"

ह्या अबोल्याचं मूळ मला तात्यांनी सांगितलं. तात्या शेजारचे. बायको वारलेली, पोरं-सुना ऊसतोडीला, त्यामुळं सांगायला भरपूर वेळ. जिजी लग्नाआधीपासून ऊस तोडत आल्या होत्या. मुकादमाची बायको म्हणून त्यांची काही सुटका नव्हती. नवरा बांधावर उभा, बायको उसात वाकलेली. जन्मात एकही हिवाळा त्यांनी उसाशिवाय बघितला नव्हता. गुडघे गेले तेव्हा मुकादमांनी शब्द दिला, "औंदा जायाचं न्हाई. औंदा हिवाळ्यात तुला ऊस नसलेला मुलूख दावतो." जिजींना ते एवढं खरं वाटलं की त्यांनी बाजारात जाऊन लोहाराकडून आपल्या कोयत्याचं उलथनं करून घेतलं, भाकरी उलथायला. आणि दसरा झाला न झाला तोच दारात ट्रॅक्टर उभा. टोळीत माणूस कमी पडत होतं. "एवढी एकच खेप," मुकादम म्हणाले, आणि कुणाचा तरी जुना कोयता बायकोच्या हातात दिला.

जिजी गेल्या. सगळा हंगाम ऊस तोडला. पण त्या दिवसापासून नवऱ्याशी शब्द नाही.

हे ऐकल्यावर मला मुकादमांचा असा संताप आला म्हणता! मी भाडं द्यायला गेले तेही चंद्रीसमोर ठेवून आले.

एक दिवस मुकादम उपकेंद्रात आले. मी लसींचा डबा आवरत होते. ते खुर्चीवर बसले नाहीत, कोपऱ्यात उभे राहिले.

"शिष्टर, तुमी शिकलेल्या. ऊस न्हाई असा मुलूख कुठं हाय?"

मी म्हटलं, कोकणात जावा.

"समिंदर हाय तिथं. पान्याचा काय भरवसा?"

मी म्हटलं, मग हिमालयात जावा, बर्फ बघा.

"बर्फ म्हंजे पानीच की. आज गोठलंय, उद्या पाटात येईल."

त्यांचं गणित सरळ होतं, जिथं पाणी तिथं आज ना उद्या ऊस. मी कंटाळून म्हटलं, "मग जावा वाळवंटात!" मुकादमांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी गुडघ्यांवरचं औषधच सांगितलं. तडक निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी एका लेकराला लस टोचत असताना खिडकीतून तोंड आत.

"वाळवंट कुनाच्या मालकीचं हाय?"

"अहो, असेल कुणाच्या तरी! लेकरू रडतंय, थांबा जरा."

"मालक आसंल तर उपेग न्हाई. उद्या बोअर घेईल, ऊस लावंल."

म्हणून मग मी त्यांना मोबाईलवर जैसलमेरच्या बाजूचं वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान दाखवलं. सरकारनं राखलेलं, माळढोक पक्ष्यासाठी. मुकादम माळढोकाचा फोटो बघत राहिले. "हे पाखरू आपल्या माळावर बी हुतं. मोठं, कोंबड्यापेक्षा लई मोठं. मग खाली तलाव झाला, माळावर पानी चढलं, ऊस आला. पाखरू गेलं."

"इथं नाही जाणार. राखीव आहे, नांगर घालता येत नाही."

"कायद्यानं?"

"कायद्यानं."

"मग ह्यो मुलूख बरा हाय," मुकादम म्हणाले. "हिवाळ्यात जाऊ. उन्हाळ्यात नेऊन काय उपेग? उन्हाळ्यात तर ती घरीच आसती."

जिजींना त्यांनी चंद्रीमार्फत कळवलं. जिजींनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चंद्रे, त्यान्ला म्हनावं, मागं बी म्हनला हुता." त्यावर मुकादम उठले. ते बाहेर जाऊन आपल्या लोखंडी सीटवर बसले.

तेव्हापासून जी तयारी सुरू झाली ती मी जन्मात विसरणार नाही. आधी त्यांना ट्रॅक्टरनं जायचं होतं. गावातल्या एकुलत्या एका ड्रायव्हरनं सांगितलं की पोचेपर्यंत शिमगा येईल, तेव्हा कसंबसं रेल्वेवर आले. मग मी उद्यानाजवळच्या एका गाईडचा नंबर शोधून दिला आणि फोनचा स्पीकर लावला. मुकादमांची हिंदी आपल्याकडची.

"हॅलो, उदर काम क्या हाय?"

"काम? काम कुछ नहीं, बाबा. आपको बस देखना है."

"देखते की. पन करना क्या हाय?"

"कुछ नहीं करना. घूमिए, पंछी देखिए, आराम कीजिए."

मुकादमांनी फोन बंद केला. "शिष्टर, ह्यो मानूस बरा न्हाई. काम न सांगता मानसं बलवतोय." आता हसावं की काय करावं? पण अशीच गोड बोलून नेलेली एक टोळी कुठल्याशा गुऱ्हाळावर कोंडून ठेवलेली त्यांनी डोळ्यांनी बघितली होती. आराम म्हटलं की त्यांना ते गुऱ्हाळ आठवायचं. ते रोज त्या गाईडला फोन करून काम विचारायचे. शेवटी तो बिचारा कावला आणि म्हणाला, "अच्छा बाबा, आप सुबह पंछी गिन लीजिए."

मुकादमांचा चेहरा उजळला. "पाखरं मोजायचं काम हाय! येड्यानं आदी कावून न्हाई सांगितलं?"

काम आलं म्हटल्यावर टोळी आली. मुकादम-जिजी एक कोयता. तात्या अर्धा, मी अर्धी. "म्हंजे तुमी दोघं मिळून एक," मुकादम म्हणाले. दुसऱ्या दिवशी तात्या दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून उपकेंद्रात रक्तदाब तपासायला आले. मी त्यांचा रक्तदाब तपासला आणि मुकादमांना जाऊन सांगितलं, मी तात्यांबरोबर कोयता होणार नाही. वाटल्यास दोन अर्धे वेगवेगळे धरा, नाही तर मला धरूच नका.

आणि मग सराव. मुकादमांचं म्हणणं, आपल्या माणसाला हात चालवल्याशिवाय बघता येत नाही, ते आधी शिकवलं पाहिजे. रोज ऊन कलतं झालं की आम्ही माळावर. जिजी गुडघे धरत यायच्या, कारण चंद्रीला चारायला तिकडंच आणायचं असायचं. आम्हाला ओळीनं बसवून मुकादम हातात काठी घेऊन उभे. ऊस तोडताना प्रत्येक कोयत्याला फडातली एक पट्टी वाटून देतात, तिला पात म्हणतात. मुकादमांनी समोरचं आभाळच पातींत वाटून दिलं.

"जिजीची पात त्या बाभळीपास्नं खांबापर्यंत. शिष्टर, तुमची खांबापास्नं देवळापर्यंत. तात्या, तुजी देवळापास्नं फुडं. दुसऱ्याच्या पातीत बघायचं न्हाई!"

आम्ही बघायला लागलो. थोड्या वेळानं जिजी म्हणाल्या, "चंद्रे, त्यान्ला सांग, माजी पात झाली."

"झाली कशी? बघत ऱ्हा म्हनावं!"

"चंद्रे, म्हनावं बघून झालं. आता काय करू?"

"परत बघ म्हनावं!"

"बाई गं," जिजी मला म्हणाल्या, "एकदा तोडलेला ऊस परत तोडायला लावतंय हे." आणि बोलता बोलता त्यांचे हात चाललेच होते. बसल्या जागी आजूबाजूचं गवत उपटून त्यांनी त्याची मोळी बांधली होती, कडेला नीट लावून ठेवली होती. मुकादमांनी ती बघितली आणि काठी आपटली. "हात! हात मांडीत ठेव! तिथं गवताला हात लावला तर सरकार धरंल!" पण हे रोजचंच झालं. रोज आम्ही आभाळ बघायचो आणि रोज चंद्रीला एक मोळी मिळायची. तात्या आपल्या पातीत डोळे लावून झोपून जायचे. मी एकदा घारीला बघून ओरडले, तर मुकादम म्हणाले, "ती तात्याच्या पातीत हाय. तात्याला बघू द्या."

तिकिटं निघाली होती, मी रजाही टाकली होती. आणि नेमका त्याच वेळी एक जण मोटारसायकलवरून आला. कुठल्या तरी कारखान्याकडचा माणूस. हंगाम मध्यावर, एका टोळीचा मुकादम पाय मोडून पडलेला, टोळी बिनधन्याची. "मुकादम, तुमच्याशिवाय कोन सांभाळील? एवढी एकच खेप."

मी आत होते. जिजी भाकरी थापत होत्या. तो थापण्याचा आवाज थांबला. जिजींनी पीठ लागलेला हात तसाच परातीवर धरला आणि भिंतीकडं बघत बसल्या. बाहेर मुकादम सीटवर. मला ते दारातून दिसत होते. त्यांची छाती जराशी पुढं आली होती, मान वर झाली होती. किती तरी दिवसांनी त्यांना कुणीतरी खरंखुरं काम सांगत होतं. मी मनात म्हटलं, गेला हा म्हातारा. आता जिजी मरेपर्यंत शेळीशीच बोलणार.

मुकादमांनी त्या माणसाकडं बघितलं नाही. खाली खुंट्याला बांधलेल्या शेळीकडं बघितलं.

"चंद्रे," ते म्हणाले, "त्यान्ला सांग, मुकादम घरी न्हाईत."

तो माणूस मुकादमांकडं बघे, शेळीकडं बघे. "आवं मुकादम, मी तुमच्याशी बोलतोय…"

"चंद्रे, त्यान्ला म्हनावं, मुकादम पाखरं मोजायला गेल्यात."

त्यानं गाडीला किक मारली आणि पाटोद्याचा रस्ता धरला. जाता जाता दोनदा वळून बघितलं. आत परत थापण्याचा आवाज सुरू झाला. त्या दिवशी मुकादमांच्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा होता, आणि चंद्रीलाही अर्धी भाकरी मिळाली.

निघायच्या तोंडावर चंद्रीवरूनच भांडण पेटलं. जिजींचं म्हणणं शेळी बरोबर आली पाहिजे. टोळीबरोबर शेळ्या जातातच. मुकादम म्हणाले, नाही. इतर सगळं न्यायची त्यांची तयारी होती. चुलीचे दगड, पिठाचं पोतं, सरपण, दोन कोंबड्या असं सगळं त्यांनी ओट्यावर काढून ठेवलं होतं, ते मी एकेक करून परत आत नेऊन ठेवत होते. पण शेळी नाही म्हणजे नाही. त्यांनी मुद्दाम स्पीकरवर गाईडला विचारलं, "बकरी चलती क्या?" गाईड म्हणाला, अजिबात चालत नाही. मुकादमांच्या डोळ्यांत असा लबाड आनंद होता की मला सगळं कळून चुकलं. तिथं शेळी नसली की बाई बोलणार कुणामार्फत? म्हातारा सगळा डाव त्यासाठी मांडून बसला होता.

जिजीही काही कमी नव्हत्या. "चंद्रे, त्यान्ला सांग, ऱ्हाऊ दे शेळी. शिष्टर हाय की."

आणि अशा रीतीनं मी शेळी झाले. चंद्रीला सांभाळायला म्हणून तात्यांना टोळीतून कमी केलं. त्यांनी मारुतीपुढं नारळ फोडून आम्हाला वाटेला लावलं आणि परत दाढी वाढवायला घेतली.

गाडीत दुसरं काय होणार? सगळा डबा गाढ झोपलेला असताना, तांबडं फुटायच्या आधी मुकादम वरच्या बर्थवर उठून बसले आणि ओरडले, "उठा रं! गाडी आली!" लोक धडाधड उठले. कुणी बॅगा ओढल्या, एका बाईनं लेकराला चपला घातल्या. एक आजोबा म्हणाले, "अहो, गाडीतच आहोत आपण!"

"शिष्टर," जिजी पांघरुणातून म्हणाल्या, "त्यान्ला सांग, लाज न्हाई."

मी सांगितलं. सगळ्या वाटेत मी हेच करत होते. चहा घेता का म्हणावं, पाय आखडून घ्या म्हणावं, खिडकी लावा म्हणावं. त्या दोघांच्या मधे बसून माझी मान दुखायला लागली. मुक्कामाला पोचलो तर राहायला मातीच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर असलेली गोल झोपडी. मुकादमांनी भोवती फिरून छप्पर चाचपलं आणि म्हणाले, "कोप चांगली बांधलीय." टोळीची माणसं फडाजवळ ज्या पालात राहतात त्याला कोप म्हणतात. जिजी दारात उभ्या राहिल्या. आत पलंग होता, आरसा होता, पांढरी चादर होती.

"शिष्टर, त्यान्ला सांग, कोपीतनं काढलं आन कोपीत आनून टाकलं."

हे मात्र मी सांगितलं नाही. शेळीलाही काही मन असतं.

सकाळी गाईडनं आम्हाला उंटगाडीतून आत नेलं. थंडी अशी की जिजींनी दोन लुगडी एकावर एक गुंडाळलेली. जराशा उंचवट्यावर त्यानं आम्हाला उतरवलं आणि बोलू नका अशी खूण केली. समोर पिवळं गवत आणि वाळू, वाळू आणि पिवळं गवत. मी आणि जिजी बसलो. मुकादमांनी काठी उचलली.

"जिजीची पात," ते म्हणाले, आणि काठी डावीकडं नेली. मग उजवीकडं नेली. परत डावीकडं. तिथं बाभूळ नव्हती, खांब नव्हता, देऊळ नव्हतं. कुठून कुठपर्यंत सांगणार? काठी हवेत तशीच राहिली. टोळीला पात वाटून देता न आलेला मुकादम मी तेव्हा पहिल्यांदा बघितला, आणि खरं सांगते, मला त्यांची दया आली.

"आवं," जिजी म्हणाल्या.

मी सवयीनं वळले. "हं जिजी, काय सांगू त्यांना?"

"तू गप बस. आवं, तुमाला म्हनतीय."

मुकादमांनी मागं वळून बघितलं. चंद्री आली की काय, हेच बघितलं असणार.

"हितं ऊस येईल का वो?"

मुकादम खाली वाकले. वाळू मुठीत घेतली, चोळली, सोडून दिली. "न्हाई."

"नक्की?"

"नक्की. पानीच न्हाई. आन कायदा हाय."

"तुमचं नक्की मला ठावं हाय," जिजी म्हणाल्या. आवाज चढला नाही की काही नाही. "आपला माळ बी असाच हुता. आन माज्या कोयत्याचं उलथनं झाल्यावर बी तुमी नक्कीच म्हनला हुता."

मुकादमांनी काठी खाली टाकली.

"तवा खोटं बोललो तुज्याशी," ते म्हणाले. "लई वंगाळ केलं. आता न्हाई बोलत."

जिजींनी लांबवर बघितलं. डावीकडून उजवीकडं, कुणी पात वाटून न देता, सगळंच्या सगळं बघितलं. ऊस नव्हता. कुठंच नव्हता.

"मंग बसा की," त्या म्हणाल्या. "उबं कावून ऱ्हायलात?"

जन्मभर बांधावर उभा राहिलेला तो माणूस तिच्याशेजारी वाळूत बसला. बसताना त्यांचा गुडघा कटकन वाजला, तेव्हा मला कळलं की गुडघे ह्यांचेही गेलेत. जिजींच्या हाताशी गवताचा झुबका होता. मी बघत होते. हात मांडीत होते, उताणे, आणि तसेच राहिले. माझे डोळे भरून आले. थंडीनं असं होतं म्हणून मी शालीनं पुसले.

तेवढ्यात गाईडनं माझी बाही ओढली. गवतातून तो चालला होता, उंच मानेचा, डोक्यावर काळी टोपी, एकेक पाय जपून टाकत. माळढोक! मी "जिजी, मुकादम" असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती दोघं बघत होती ते काही पाखरू नव्हतं. मग मी एकटीनंच मोजला, एक. एवढ्या लांब येऊन टोळीचं सगळं काम अर्ध्या कोयत्यानं केलं.

पुढं माझी बदली झाली आणि गाव सुटलं. पण सुटेपर्यंत पहाटे ओरडणं काही बंद झालं नव्हतं. "उठा रं! गाडी आली!" की आतून लगेच यायचं, "आवं, गप पडा की! कुटं आलीय गाडी?" आणि मग दोघं उजाडेपर्यंत भांडत बसायचे, तोंडावर, एकमेकांशी. माझी झोप आता दुप्पट मोडायची.

हाल झाले ते चंद्रीचे. ती लई दिवस सकाळ-संध्याकाळ दारात येऊन उभी राहायची, एकदा जिजींकडं बघायची, एकदा मुकादमांकडं बघायची आणि ओरडायची. तिला कुणी काही सांगतच नव्हतं.